पत्रिकांची यादी आणि आहेराची वही: ‘मेक डिपेन्ड’ वेगळं, ‘-एमएमडी’ वेगळं

मे महिना, दुपारचे तीन. नागपुरात बाहेर पारा 45 वर, सेन्सर गॅलरीत लटकवलेला आणि टेबलावरचा डिस्प्ले तापमान दाखवतोय 14 अंश.

“भाऊ, हे 14 काऊन दाखवून राहिलं?” आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या पोराने विचारलं.

कोड वाचला, बरोबर होता. सेन्सर बदलला, तरी 14. मेक हे बदललेल्या फायलीच पुन्हा कंपाइल करणारं साधन. शेवटी वैतागून ‘मेक क्लीन’ मारलं, म्हणजे आधीचं बनलेलं सगळं पुसलं, सगळं पहिल्यापासून कंपाइल केलं आणि आकडा गपकन 45 झाला. असं झालं की ‘चला, सुटलं’ म्हणून चहाला निघायची आपली पद्धत. त्या उन्हात चहाला जायची कोणाचीच इच्छा नव्हती, म्हणून खोलात गेलो.

हेडर म्हणजे अनेक .सी फायली ‘इन्क्लूड’ करून ओढून घेतात ती सामायिक फाइल. आमच्या रेकॉर्ड.एच या हेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे नोंदीच्या खणांच्या आराखड्यात, आधी दोनच फील्ड होती, वेळ आणि तापमान. मी सकाळी त्यांच्या मध्ये आर्द्रता घुसवली. सेन्सर.सी नव्याने कंपाइल झाली, डिस्प्ले.सी कंपाइल होऊन बनलेली डिस्प्ले.ओ मात्र जुनीच राहिली. म्हणजे लिहिणारा तीन खणांच्या हिशोबाने लिहीत होता आणि वाचणारा दोन खणांच्या हिशोबाने वाचत होता. दुसऱ्या खणात आता आर्द्रता होती. नागपूरच्या कोरड्या हवेतली 14 टक्के आर्द्रता डिस्प्लेवर 14 अंश होऊन बसली. .ओ फायली जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या लिंकरने हूं की चूं केलं नाही. सीमध्ये तो नावं जुळवतो, स्ट्रक्टचा आकार बघत नाही.

“पण आपल्या मेकफाइलमध्ये डिपेन्डन्सी ऑटोमॅटिक निघते न?” पोराचा पुढचा प्रश्न. डिपेन्डन्सी म्हणजे कोणती .ओ कोणत्या फायलींवर अवलंबून आहे, हे मेकला सांगणारी ओळ. ती निघत होती, पण ‘मेक डिपेन्ड’ने. तो ज्याला ऑटोमॅटिक समजत होता ती गोष्ट दुसरी, कंपायलरला द्यायचा ‘-एमएमडी’ हा पर्याय. दोघांतून निघणारी ओळ जवळपास सारखीच दिसते, ‘डिस्प्ले.ओ: डिस्प्ले.सी रेकॉर्ड.एच’ अशी, म्हणून घोटाळा होतो.

लग्नघरातलं उदाहरण घ्या. पत्रिका वाटायच्या आधी घरात यादी होते, कोणकोण येणार त्याची. आणि हॉलच्या दारात टेबल टाकून एक काका आहेराची वही लिहीत बसतात, कोणकोण आलं त्याची. दोन्हींत नावंच असतात. पण यादी अंदाजावर असते, आणि ती केल्यावर जमलेली सोयरीक तिच्यात नसते. वहीत जो दारातून आत आला तोच.

‘मेक डिपेन्ड’ म्हणजे यादी. तुम्ही आठवणीने कमांड द्यायची, मग एक वेगळा प्रोग्रॅम सगळ्या .सी फायली चाळून कोण कोणाला इन्क्लूड करतं ते लिहून काढतो. एक्स विंडो सिस्टिमसोबत आलेला ‘मेकडिपेन्ड’ हा त्यातला जुना गडी. तो चक्क तुमच्या मेकफाइलच्या शेवटी ‘डू नॉट डिलीट’ अशी खूण करून तिच्याखाली भर घालतो आणि जुनी प्रत .बॅक नावाने ठेवतो. शिवाय इन्क्लूड शोधायला तो खरा कंपायलर वापरत नाही, स्वतःचा छोटा प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी इन्क्लूड उलगडणारा भाग) वापरतो. ‘इफडेफ’ या अटीच्या आड दडलेल्या इन्क्लूडबाबत त्याचं आणि कंपायलरचं मत वेगळं निघू शकतं. त्याऐवजी ‘जीसीसी -एमएम’ लावलं, म्हणजे खऱ्या कंपायलरलाच विचारलं, तर हा मतभेद मिटतो, शिळेपणा तसाच राहतो. आमचं तेच झालं होतं. यादी काढल्यानंतर कधीतरी कोणीतरी डिस्प्ले.सीमध्ये रेकॉर्ड.एच इन्क्लूड केलं आणि ‘मेक डिपेन्ड’ पुन्हा चालवलं नाही.

‘-एमएमडी’ म्हणजे वही. कंपायलर .ओ बनवतानाच, जी हेडर त्याने खरोखर उघडली त्यांची नावं शेजारी एका .डी फाइलमध्ये लिहून ठेवतो. वेगळी फेरी नाही, आठवण ठेवायची नाही. मेकफाइलच्या शेवटी या .डी फायली ‘-इन्क्लूड’ने ओढून घ्यायच्या. पुढची ती आडवी रेघ विसरू नका, तिच्यामुळे फाइल नसली तरी मेक तक्रार करत नाही.

इथे हुशार माणसं अडतात: पहिल्या बिल्डला .डी फायलीच नसतात, मग कसं चालतं? चालतं, कारण .ओ फायलीही नसतात, सगळं कंपाइल होणारच असतं. डिपेन्डन्सीची गरज पडते ती दुसऱ्या वेळेपासून. आहेराची वही त्या लग्नात कोण वाचतं? ती उघडते पुढच्या वर्षी, समोरच्याच्या घरी कार्य निघालं की.

सोबत ‘-एमपी’ही द्या. नाहीतर एखादं हेडर डिलीट केलं की जुनी .डी फाइल त्याचंच नाव घेत राहते आणि ही फाइल बनवायचा नियम नाही म्हणून मेक अडून बसतं. ‘-एमपी’ प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम लिहितो, त्याने ही अडवणूक संपते.

‘-एमडी’ आणि ‘-एमएमडी’ यांतही गल्लत होते. एक ‘एम’ जास्त म्हणजे सिस्टिम हेडर गाळलेली. एरवी ठीक, पण चिप बनवणाऱ्याचा एसडीके (त्याने दिलेल्या तयार कोडचा संच) ‘-आयसिस्टिम’ने जोडला असेल तर त्याचीही हेडर सिस्टिमची समजली जातात. एसडीके बदलला तरी मेक ढिम्म. तिथे मी ‘-एमडी’ वापरतो, .डी फायली लांबलचक झाल्या तरी चालेल.

मेकफाइल आपोआप बनवून देणारं सीमेक वापरणाऱ्यांना यातलं काही हाताने लिहावं लागत नाही, आणि मेकसारखंच काम करणारा निन्जा तर .डी फाइल वाचून मजकूर स्वतःच्या नोंदीत टाकतो. हाताने मेकफाइल लिहिणारे आम्ही अजून आहोत, म्हणून हा खटाटोप.

गंमत म्हणजे मेकचा जन्मच या दुखण्यातून झाला. 1976 साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिणारे स्टुअर्ट फेल्डमन यांच्या सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेला प्रोग्रॅम तपासण्यात गेली होती. चूक दुरुस्त झाली होती, फाइल कंपाइल करायची राहिली होती. आमच्या 14 अंशांपेक्षा वेगळं काय?

वहीलाही सगळं कळतं असं नाही. एखादं हेडर बिल्डमध्येच तयार होत असेल, तर पहिल्या खेपेला ते आधी बनवायला हवं हे .डी फाइल सांगू शकत नाही, ती अजून लिहिलीच गेलेली नसते. तिथे उभ्या रेघेनंतर लिहायची ऑर्डर-ओन्ली (फक्त क्रम सांगणारी) अट हातानेच घालावी लागते. सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपायलरला द्यायचे पर्याय, बदलले तर यादी आणि वही दोघीही गप्प. इन्क्लूडच्या वाटेत आधी येणाऱ्या फोल्डरमध्ये त्याच नावाचं नवं हेडर टाकलंत, तरीही गप्प.

त्या संध्याकाळी मेकफाइलमध्ये दोन ओळी वाढल्या. आधीच्या .ओ फायलींना .डी जोडीदार नव्हते, म्हणून एकदा ‘मेक क्लीन’ करावंच लागलं. मग ‘डू नॉट डिलीट’खालच्या सगळ्या ओळी, त्या खुणेसकट, पोराकडूनच डिलीट करवून घेतल्या. कीवर बोट ठेवून त्याने दोनदा विचारलं, “पक्कं न, भाऊ?”