स्थलांतरितांची काळजी २०१३ नंतरची नव्हे

‘निर्वासित, स्थलांतरित हे पोप फ्रान्सिस यांनी आणलेलं खूळ, त्याआधी कॅथलिक चर्चला त्यांचं सोयरसुतक नव्हतं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते धादांत चुकीचं आहे.

इटलीतून अमेरिकेला जाणाऱ्या गरिबांची दैना पाहून पियाचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी १८८७ मध्ये मिशनऱ्यांचा संघच उभा केला. पोप पायस बारावे यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांच्या सेवेची सविस्तर नियमावली काढली. फ्रान्सिस २०१३ मध्ये पोप झाले आणि त्याच वर्षी लाम्पेदुसाला, म्हणजे स्थलांतरितांच्या बोटी जिथे लागतात त्या इटलीच्या बेटावर गेले, ते या वाटेनंच.

कार्डिनल मायकल चेर्नी यांच्याबद्दलही ‘फ्रान्सिस यांच्यामुळे या कामात आले’ असं म्हणतात. २०१७ पासून व्हॅटिकनमधला स्थलांतरितांचा विभाग त्यांच्याकडे आला हे खरं, पण हा विषय त्यांच्या घरातच होता. जन्म १९४६ चा, चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नोचा. आईनं नाझींचा तुरुंगवास भोगलेला. १९४८ मध्ये आईवडील आणि दोन मुलगे बोटीनं कॅनडाला गेले. पुढे १९८९ मध्ये एल साल्वादोरमध्ये सहा जेझुइटांची (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ, चेर्नीही त्यातलेच) हत्या झाली, तेव्हा मारल्या गेलेल्यांच्याच विद्यापीठात काम करायला चेर्नी गेले. माझ्या मते त्यांची खरी ओळख इथे पटते. नंतर नैरोबीतून त्यांनी आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांसाठी जेझुइटांचं जाळं विणलं.

२०१९ मध्ये ते कार्डिनल झाले. गळ्यातला क्रूस सोन्याचा नाही. लाम्पेदुसाला लागलेल्या स्थलांतरितांच्या बोटीच्या लाकडाचा आहे. मानचिन्हावरही बोट आहे, आणि तिच्यात चौघांचं कुटुंब.