राष्ट्रीय बाल पुरस्कार: गोव्यातून अर्ज करताना

प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्काराचे अर्ज साधारण एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत घेतले जातात. आपल्याकडे हेच दिवस सुट्टीचे, मग पावसाचे आणि शाळेच्या धांदलीचे. गणेश चवथीची तयारी सुरू होईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. २०२५ साली ३१ जुलैची तारीख १५ ऑगस्टपर्यंत वाढवली होती, पण त्या भरवशावर राहू नका.

मूल भारताचे नागरिक असावे आणि भारतातच राहणारे असावे. वय ५ ते १८ वर्षे, आणि ते त्या वर्षीच्या ३१ जुलैला मोजतात. शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला व संस्कृती, विज्ञान व तंत्रज्ञान असे सहा विभाग आहेत. पदक आणि प्रमाणपत्र राष्ट्रपतींच्या हस्ते मिळते. २६ डिसेंबर २०२४ रोजी, वीर बाल दिनी, देशभरातल्या १७ मुलांना ते मिळाले.

अर्ज पालकांनीच करायला हवा असे मुळीच नाही. मूल स्वतः करू शकते, शिक्षक किंवा शेजारीही त्याचे नाव सुचवू शकतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाळवंटी नदीत बुडणाऱ्याला बाहेर काढणारा मुलगा घरी येऊन कपडे बदलतो आणि जेवायला बसतो. अर्जाचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. तो गावातल्या कुणीतरी करायचा.

अर्ज फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर: अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. आधी नाव, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल आणि आधार क्रमांक देऊन नोंदणी करायची. मग चालू पुरस्कारांच्या यादीतून हा पुरस्कार आणि विभाग निवडायचा, अर्ज स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी ते सांगायचे. मसुदा जतन करता येतो. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा दर थोड्या वेळाने जतन करत जा.

कागदपत्रे पीडीएफमध्ये, जास्तीत जास्त दहा. अलीकडचा फोटो जेपीजी किंवा पीएनजीमध्ये. जन्मदाखला आणि आधार आधीच शेजारी ठेवून ताडून पाहा. आपल्याकडे एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे आणि आधारवर वेगळेच, हे घरोघरी दिसते. माझ्या एका विद्यार्थिनीची दुरुस्ती जुलैत सुरू केली आणि मुदत हातची गेली. अजून मनाला लागून आहे ते. दुरुस्ती करायचीच असेल तर ती मार्च-एप्रिलमध्येच करून घ्या.

खरी कसोटी लागते ती कामगिरीच्या वर्णनात. शब्दमर्यादा पाचशे. ‘अत्यंत हुशार, गुणी व नम्र’ अशा ओळींनी अर्धी जागा भरते आणि हाती काहीच लागत नाही. काय केले, कुठे, कोणत्या तारखेला, किती दिवस, आणि त्यामुळे कुणाचे काय बदलले, एवढे लिहा. पखवाज वाजवणाऱ्या मुलाबद्दल लिहिताना तो कुणाकडे, किती वर्षे शिकतो, कोणत्या स्पर्धेत कितवा आला आणि आता धाकट्यांना शिकवतो का, हे सांगा. विहिरीतून कुणाला वाचवले असेल तर पाणी किती खोल होते, आसपास कोण होते, तेही लिहा. वर्णनातल्या प्रत्येक दाव्याला जोडलेल्या कागदांत पुरावा हवा. प्रमाणपत्रावर तारीख नसेल तर आयोजकांकडून तारखेचे पत्र घ्या. शौर्याच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे सहीनिशी निवेदन त्याच आठवड्यात लिहून घ्या, वर्षभराने माणसांना तपशील आठवत नाहीत. मराठी वर्तमानपत्रातले कात्रण जोडताना खाली इंग्रजी भाषांतर द्यावे, कारण वाचणारे दिल्लीत असतात.

शेवटचे बटण दाबण्याआधी मुलाला सगळे वाचून दाखवा. चूक बहुधा तेच पकडते. अर्ज गेला की त्याची प्रत डाउनलोड करून शाळेच्या फाइलीत ठेवा.

वय अठराच्या पुढे गेले असेल तर १५ ते २९ वयोगटासाठी राष्ट्रीय युवा पुरस्कार आहे. त्याचा अर्जही याच पोर्टलवर असतो, आणि तिथेही हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.