रिकाम्या बटणामागे काय असतं?

ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की स्टिअरिंगच्या खाली नाहीतर गिअरच्या आजूबाजूला बटणांची एक रांग दिसते, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये त्या रांगेत एक-दोन बटणं अशी असतात की ती दाबलीच जात नाहीत. त्यांच्यावर चित्र नाही, रात्री लाईट लागत नाही, कारण ती बटणं नसतातच, नुसती प्लास्टिकची झाकणं असतात. वरच्या मॉडेलला तिथे काहीतरी फीचर असतं, आपण ते घेतलेलं नसतं, म्हणून ती जागा बुजवलेली. मी एकदा माझ्या गाडीतलं असं एक झाकण प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उचकटलं आणि आत मोबाईलचा टॉर्च मारला, तर आत चार वायरींचा एक जुडगा, टोकाला कनेक्टर, आणि तो कनेक्टर स्पंजच्या पट्टीत गुंडाळून मागच्या वायरिंगला टेपने नीट बांधलेला. स्पंज कशासाठी, तर गाडी चालताना आत खडखड वाजू नये म्हणून. जे फीचर मी घेतलंच नाही त्याची वायर माझ्या गाडीत आहे आणि ती वाजू नये याची काळजीसुद्धा कारखान्यात कुणीतरी घेतलीये, हे बघितल्यापासून मला या एक्स्ट्रा फीचर्सच्या मागचं विज्ञान शोधायचा नादच लागला.

तर पहिला प्रश्न, वायर टाकलीच कशाला? याचं उत्तर गणितात आहे. समजा एका मॉडेलला हो-नाही अशी 10 ऑप्शन्स आहेत, सनरूफ हवं की नको, मागचा कॅमेरा हवा की नको वगैरे, तर 1024 वेगवेगळ्या गाड्या होऊ शकतात. 20 ऑप्शन्स असतील तर 10 लाखांच्या वर. आणि 33 असतील तर 858 कोटींच्या पुढे, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वेगळी गाडी देऊनही काही कोटी प्रकार उरतील. एवढ्या प्रकारांची वायरिंग वेगवेगळी बनवायची, नीट लेबल लावून ठेवायची आणि लाईनवर बरोबर गाडीला बरोबर जुडगा पोचवायचा हे भयंकर किचकट काम आहे (गाडीतल्या सगळ्या वायरी एकापुढे एक ठेवल्या तर किलोमीटरच्या वर जातात, आणि हार्नेस, म्हणजे या वायरींचा बांधलेला जुडगा, बनवायचं बरंचसं काम आजही हातानेच होतं). काही कंपन्या प्रत्येक ऑर्डरप्रमाणे वेगळी हार्नेस बांधून घेतात, पण बऱ्याचदा दोन-तीन प्रकारच ठेवून चार वायरी जास्त टाकणं स्वस्त पडतं. आपल्याला नुसतं क्रूझ कंट्रोल हवं असतं आणि शोरूममध्ये सांगतात की ते अमुक पॅकेजमध्येच येतं, बरोबर दोन गोष्टी अजून घ्याव्या लागतील, त्याच्यामागे विकण्याची युक्ती असतेच, पण हे गणितही असतं.

पण मला यापेक्षा भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. आपण फीचर म्हणजे गाडीला चिकटवलेली एक नवीन वस्तू समजतो, आणि बऱ्याचदा तसं नसतंच. गाडीत आधीपासून असलेल्याच एखाद्या गोष्टीला नवीन काम दिलेलं असतं.

एबीएसचंच बघा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम. 1978 साली मर्सिडीजच्या एस-क्लासला बॉश कंपनीची एबीएस सिस्टीम एक्स्ट्रा म्हणून मिळायला लागली, पाहिजे तर घ्या. आतला प्रकार असा, की प्रत्येक चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं आणि त्याच्या शेजारी एक छोटा सेन्सर असतो, समोरून दात गेला की एक पल्स. सेकंदाला किती पल्स आले यावरून चाकाचा वेग कळतो. आपण घाबरून ब्रेक करकचून दाबला आणि एखाद्या चाकाचा वेग एकदम शून्याकडे पडायला लागला की कॉम्प्युटरला कळतं हे चाक आता लॉक होणार, तो त्या चाकाच्या ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतो, परत देतो, परत सोडतो, सेकंदाला कित्येक वेळा, म्हणून पायाखाली ती थरथर जाणवते. फिरणाऱ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जवळपास स्थिर असतो, त्यामुळे पकड चांगली मिळते आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंग वळवलं तर गाडी वळते. लॉक झालेलं चाक नुसतं घसरत जातं, स्टिअरिंग कितीही फिरवा.

आता पुढची गंमत. चार चाकांचे चार वेग कळतायत आणि एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावता येतोय, एवढं हातात आल्यावर इंजिनिअर लोकांनी त्यात गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हे सांगणारा एक सेन्सर आणि स्टिअरिंगचा कोन सांगणारा दुसरा सेन्सर जोडला. ड्रायव्हरला जायचंय एकीकडे आणि गाडी फिरतेय भलतीकडे असं दिसलं की एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी परत लाईनीवर आणायची. हे झालं ईएससी म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल, 1995 मध्ये मर्सिडीजनेच आणलं. तेही आधी महागड्या गाड्यांनाच होतं, पण 1997 मध्ये स्वीडनमध्ये एका मासिकाच्या टेस्टमध्ये, रस्त्यात अचानक प्राणी आडवा आला असं धरून गाडी झटक्यात वळवायची असते तशा टेस्टमध्ये, मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, आणि मग कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना ईएससी द्यायचं ठरवलं. पुढे अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपात 2014 पासून सगळ्या नव्या कार्सना ते कायद्यानेच लागू झालं.

अजून संपलं नाही, त्याच दातेरी कड्यावरून टायरमधली हवा कमी झाल्याचंही कळतं! हवा कमी झाली की टायर जरासा बसतो, त्रिज्या किंचित कमी होते, मग तेवढंच अंतर कापायला त्या चाकाला बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरावं लागतं, आणि कॉम्प्युटर तो बारीक फरक पकडतो. यासाठी बऱ्याच गाड्यांमध्ये एकही नवीन पार्ट लागत नाही, फक्त प्रोग्रॅम लागतो. (काही गाड्यांमध्ये टायरच्या आत वेगळा प्रेशर सेन्सर असतो, तो जास्त अचूक.) म्हणजे एक कडं आणि तीन फीचर्स, आणि ब्रोशरमध्ये तिघांच्या तीन वेगळ्या ओळी.

हीटरचीही तीच कथा. पेट्रोल इंजिनमध्ये इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग गाडी हलवायला कामी येतो, बाकीची उष्णता होऊन वाया जाते, त्यातलीच थोडी आत वळवली की झाला हीटर, जवळपास फुकट. इलेक्ट्रिक गाडीत मात्र हे उलटं होतं, कारण मोटर फारशी तापतच नाही, ऊब मिळवायला बॅटरीतली वीज खर्च करावी लागते आणि रेंज घटते. म्हणूनच इलेक्ट्रिक गाडीत गरम होणारी सीट हा नुसता चोचला नाही, पूर्ण केबिनची हवा तापवायला काही हजार वॅट लागू शकतात आणि सीटच्या आतल्या तारेला शंभरेक वॅटच्या आतबाहेर, शिवाय ऊब थेट पाठीला मिळते. थंड हवेच्या ठिकाणी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने हे ऑप्शन नक्की घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

एसीची सुरुवात मात्र खरोखर चिकटवलेल्या वस्तूसारखी झाली. पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलला एसी एक्स्ट्रा म्हणून दिला, त्याचा गार करणारा भाग मागे डिकीची जागा खाऊन बसायचा, आणि बंद करायला बटणच नव्हतं, गाडी थांबवून बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा बेल्ट काढायचा! तो काही फार चालला नाही आणि लवकरच बंद पडला.

आता एक फीचर जरा जवळून बघू, ज्याच्यावर माझा खूप जीव आहे, पाऊस ओळखून आपोआप चालणारा वायपर. वायपर स्वतःच कधीकाळी एक्स्ट्रा होता बरं का, मेरी अँडरसन यांना 1903 साली त्याचं पेटंट मिळालं, आतून हाताने दांडी ओढायची आणि बाहेर पट्टी फिरायची, आणि 1922 मध्ये कॅडिलॅकने तो सगळ्या गाड्यांना द्यायला सुरुवात केली. तर, पाऊस गाडीला कळतो कसा? आरशाच्या मागे काचेला आतून एक छोटी डबी चिकटवलेली असते. त्यातून इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, काचेत साधारण 45 अंशांनी तिरपा सोडतात. काचेतून हवेत जाताना प्रकाशाचा कोन 42 अंशांच्या वर असला की तो बाहेर पडूच शकत नाही, काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून पूर्णच्या पूर्ण परत आत येतो, यालाच शाळेत आपण पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकलो. पण बाहेर पाण्याचा थेंब बसला की हिशोब बदलतो, काचेतून पाण्यात जाताना ती मर्यादा 62 अंशांच्या आसपास जाते, म्हणजे 45 अंशांचा प्रकाश आता थेंबातून खुशाल बाहेर निसटतो. डबीत परत येणारा प्रकाश कमी झाला, म्हणजे पाऊस आला. जितका कमी तितका पाऊस जास्त, तितका वायपर जोरात. शाळेत परीक्षेपुरता पाठ केलेला धडा रोज डोळ्यांसमोर काचेवर चालू असतो, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

आणि ही डबी किती नाजूक आहे बघा, माझ्या एका मित्राने पुढची काच बदलून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून कडक उन्हात वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागले. डबी आणि काच यांच्यामध्ये जेलची एक पारदर्शक गादी असते, प्रकाश मध्ये हवेत न अडकता काचेत जावा म्हणून, काच बसवताना तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला होता. बुडबुड्यापाशी प्रकाश भलतीकडे वळायचा, परत कमी यायचा, आणि गाडीला वाटायचं पाऊस पडतोय. नवीन गादी लावली आणि सगळं ठीक झालं. तेव्हा काच बदलली तर ही गादी नवी टाकलीये का ते विचाराच.

आता त्या रिकाम्या बटणाकडे परत येतो, कारण त्याचा एक भाऊ जास्त विचार करायला लावणारा आहे, वस्तू पूर्ण आहे पण कुलूप लावून विकलीये. हे गाड्यांमध्ये सुरू झालेलं नाही. इंटेलने 1991 मध्ये 486 एसएक्स नावाची स्वस्त चिप आणली, तिच्या सुरुवातीच्या चिप्समध्ये आकडेमोड करणारा खास भाग सिलिकॉनवर असायचा पण बंद केलेला असायचा. त्याच काळात आयबीएमने लेझर प्रिंटरचं एक स्वस्त मॉडेल काढलं, ते मिनिटाला 10 ऐवजी 5 पानं छापायचं, आणि आत काय होतं तर मुद्दाम थांबायला लावणारी जास्तीची व्यवस्था. म्हणजे स्वस्त वस्तू हळू करायला कंपनीने वरून खर्च केला होता! 1849 मध्ये ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसतं याचं हेच कारण लिहिलं होतं, छपराचा खर्च जास्त होतो म्हणून नाही, तर छप्पर दिलं तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारे लोकही तिसऱ्यात येऊन बसतील म्हणून.

टेस्लाने 2016 च्या सुमारास काही गाड्यांना 75 किलोवॅट-अवरची बॅटरी बसवली आणि प्रोग्रॅमने ती 60 वर बांधून ठेवली, पैसे भरले की बाकीची मोकळी. 2017 च्या सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात अर्मा वादळ आलं आणि लोक घरं सोडून निघाले, तेव्हा कंपनीने दुरूनच तिथल्या गाड्यांचं हे कुलूप तात्पुरतं काढलं, सुमारे 50 किलोमीटर जास्त मिळाले. चांगलं केलं, नक्कीच. पण ते 50 किलोमीटर पहिल्या दिवसापासून गाडीतच होते आणि त्यांचं वजनही गाडी रोज वाहत होती. बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत सीट गरम करायचं महिन्याचं सबस्क्रिप्शन काढलं तेव्हा लोक भडकले ते याच कारणाने, तार सीटमध्ये आधीच घातलेली आहे, मग ती चालू करायला दर महिन्याला भाडं कसलं? पुढच्या वर्षी कंपनीने तो नाद सोडला.

सेफ्टीच्या बाबतीत तर मला हे एक्स्ट्रा प्रकरण मुळातच पटत नाही. 1956 मध्ये फोर्डने सीट बेल्ट ऑप्शन म्हणून दिले होते, ज्याला वाटेल त्याने घ्यावे. 1959 मध्ये व्होल्वोचे इंजिनिअर नील्स बोलीन यांनी आजचा तीन ठिकाणी बांधला जाणारा बेल्ट बनवला, आणि व्होल्वोने त्याचं पेटंट बाकी सगळ्या कंपन्यांना वापरू दिलं. छाती आणि कमरेच्या हाडांवर जोर वाटून देणारी ती एक पट्टी कुणी पैसे वाचवायला गाळावी अशी गोष्टच नाही. ईएससी असो की सगळ्या एअरबॅग्स, त्यांना लेदर सीट आणि मोठ्या स्क्रीनच्या पॅकेजमध्ये कोंबणं चूक आहे, आणि गाडी घेताना सनरूफवरून भांडण्याआधी ही यादी विचारून घ्यावी. सनरूफने तसंही वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी वाढतं आणि डोक्यावरची जागा कमी होते. मोठी अलॉय व्हील्स दिसतात छान, पण टायरची भिंत बारीक होते, खड्डा थेट कमरेला कळतो.

आपण तरीही भुलतो, त्यालाही कारण आहे. 2005 मध्ये थॉम्पसन, हॅमिल्टन आणि रस्ट या तिघांचा एक अभ्यास छापून आला, त्यात लोकांनी वस्तू निवडताना जास्त फीचर्सवाली निवडली, पण प्रत्यक्ष वापरल्यावर त्यांचं समाधान सोप्या वस्तूत जास्त होतं. वॉशिंग मशीनवर पंधरा प्रोग्रॅम असतात आणि घरोघरी दोनच वापरले जातात, हे आपण बघतोच.

आता नवीन गाड्यांमध्ये बटणंच जातायत, सगळं स्क्रीनवर. युरो एनकॅपने, म्हणजे गाड्यांची सेफ्टी तपासून मार्क देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, 2026 पासून पूर्ण मार्कांसाठी इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या मागितल्यात ते बरं केलं, पण बाकीचं स्क्रीनमध्येच राहणार. आणि स्क्रीनवर रिकामं झाकण नसतं, जे फीचर नाही त्याची ओळच दिसत नाही, त्यामुळे गाडीत कुठला पार्ट बसवलाय आणि झोपवून ठेवलाय हे बघून कळायचा मार्ग गेला. एक मार्ग अजून आहे, बऱ्याच कंपन्यांकडे चासी नंबरवरून गाडी कारखान्यातून कुठले ऑप्शन कोड घेऊन निघाली याची यादी निघते. सेकंडहँड गाडी घेताना ती मागून घ्या आणि स्क्रीनसमोर बसून एकेक कोड जुळवून बघा.