लोमेचा कापडबाजार आणि नाना बेंझ

टोगोची राजधानी लोमे घानाच्या सरहद्दीला अगदी खेटून आहे. हे शहर वाढले तेच जकातीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या गोल्ड कोस्टमध्ये (आजच्या घानात) इंग्रज जकात वसूल करत, म्हणून व्यापारी त्यांच्या हद्दीबाहेर या वाळूच्या किनाऱ्यावर माल उतरवू लागले. १८८४ मध्ये इथे जर्मनांचा अंमल आला. पुढे बाजार कॅथेड्रलच्या आजूबाजूला फोफावला. मणी, चपला, भांडी सगळे तिथे मिळते, पण लोमेचे नाव झाले ते ‘वॅक्स’ म्हणजे मेणाच्या पद्धतीने रंगवलेल्या छापील कापडामुळे.

हे कापड मूळचे आफ्रिकेचे नाही. जावा बेटावरच्या बाटिकची (मेण लावून रंगवलेल्या कापडाची) नक्कल यंत्रावर करण्याचा डचांचा तो प्रयत्न होता. यंत्रात मेणाच्या जागी वापरलेल्या राळेला तडे जाऊन कापडावर रंगाच्या रेषा उमटत. जावात त्या खपल्या नाहीत, पश्चिम आफ्रिकेत मात्र लोकांना आवडल्या. नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावातली १८४६ साली सुरू झालेली व्लिस्को कंपनी पुढे याच गिऱ्हाइकांवर मोठी झाली.

स्वतंत्र घानाने परदेशी मालावर निर्बंध आणले आणि कापडाचा ठोक व्यापार कमी जकातीच्या लोमेत सरकला. तो हाती घेतला बायकांनी. युरोपी पेढ्यांकडून त्या एखाद्या नक्षीचा एकहाती हक्क मिळवत आणि तो माल शेजारच्या देशांतल्या व्यापाऱ्यांना विकत. कोणता रंग चालेल हे त्या कारखान्याला कळवत. पिंजऱ्यातून उडालेल्या पक्ष्यांच्या एका नक्षीला ‘तू बाहेर गेलास तर मीही जाईन’ असे नाव पडले. नवऱ्याला सुनावण्यासाठी बायका ते लुगडे नेसत. या कापडाच्या यशाचे श्रेय मी हेल्मंडच्या चित्रकारांइतकेच या व्यापारी बायकांना देईन. बाजारात अशी नावे फिरली नसती तर निम्म्या नक्ष्या गोदामात पडून राहिल्या असत्या. त्यातल्या बड्या बायका मर्सिडीज बेंझमधून फिरत, म्हणून त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणत; ‘नाना’ हे तिथे बायकांना मानाने हाक मारण्याचे नाव. सरकारी पाहुण्यांसाठी गाड्या त्यांच्याकडूनच मागवल्या जात.

१९९२-९३ च्या राजकीय संपात व्यवहार थंडावले. जानेवारी १९९४ मध्ये टोगोच्या चलनाची, सीएफए फ्रँकची, किंमत निम्म्यावर आणली गेली आणि डच कापड सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेले. २००० नंतर चिनी नकला आल्या. त्या आणणाऱ्या तरुण बायका थेट चीन गाठू लागल्या. त्यांना ‘नानेत’ म्हणतात. जानेवारी २०१३ मध्ये मुख्य बाजाराची इमारत आगीत गेली आणि अनेकींचे भांडवल जळाले.

आज तिथे कापड घ्यायला जाणाऱ्याने काठावरचा छापील मजकूर वाचावा आणि उलटी बाजूही पाहावी. खऱ्या वॅक्समध्ये रंग दोन्हीकडे सारखाच उतरतो, स्वस्त छपाईत उलटी बाजू फिकी असते. पुष्कळ जणी सहा वार घेतात, आपल्या सहावारीइतकेच, पण त्याचे तीन तुकडे करून.