कारखान्यातील सुरक्षा अधिकारी: पात्रता, पदविका आणि अर्जाची कागदपत्रे

कारखान्यातील सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण विभागात जाण्याचे अनेक मार्ग असले, तरी ‘सुरक्षा अधिकारी’ हे पद कायद्याने निर्माण केलेले आहे आणि त्याची पात्रताही कायद्यानेच ठरते. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९७६ साली कलम ४०-ब समाविष्ट झाले आणि एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी हे पद आले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम २२ ने ही मर्यादा कारखान्यांसाठी ५०० कामगार, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी व बांधकामासाठी २५० आणि खाणींसाठी १०० अशी खाली आणली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असल्याने अर्जाच्या वेळी अमलात असलेले राज्याचे नियम अवश्य पाहावेत.

महाराष्ट्रात पात्रतेचा आधार राहिला आहे तो सुरक्षा अधिकाऱ्यांविषयीच्या १९८२ च्या नियमांचा. अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असल्यास कारखान्यात पर्यवेक्षकीय कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्राची पदवी किंवा अभियांत्रिकी पदविका असल्यास तो पाच वर्षांचा लागतो. याच्या जोडीला राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी वा पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान आवश्यक असते. भाषेची ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण धोक्याची सूचना कामगाराला कळलीच नाही तर ती देऊन उपयोग नाही.

पदविकेसाठी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम परिचित आहे. खासगी संस्थेत शुल्क भरण्यापूर्वी तिची पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची किंवा अन्य प्रकारे शासनमान्य आहे का, याची लेखी खात्री करावी. आखाती देशांत नोकरीसाठी उपयोगी पडणारे ‘नेबॉश’ हे ब्रिटिश प्रमाणपत्र चांगले आहे, परंतु ते या शासनमान्य पदविकेची जागा घेत नाही. तसेच एखाद्या संस्थेने प्रवेश दिला म्हणजे पदासाठीची पात्रता आपोआप सिद्ध होते, असेही नाही. दोन्हींच्या अटी स्वतंत्रपणे ताडून पाहाव्यात.

पदविकेच्या प्रवेश-अर्जासोबत सर्वसाधारणपणे पदवी व गुणपत्रके, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, छायाचित्रे, आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीविषयक प्रमाणपत्रे आणि कंपनीने पाठविले असल्यास तिचे शिफारसपत्र लागते. ही जुळवाजुळव कठीण नसते. खरी अडचण येते ती अनुभवाच्या दाखल्यात. ‘आमच्याकडे नोकरीस होते’ एवढेच लिहिलेला दाखला पुरेसा ठरत नाही. कंपनीच्या अधिकृत पत्रावर पदनाम, विभाग, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, हाताखालील कामगारांवर देखरेख होती हा स्पष्ट उल्लेख आणि कारखान्याचा नोंदणी वा परवाना क्रमांक असावा. कंत्राटदारामार्फत काम केलेल्यांनी तर प्रत्यक्ष कोणत्या कारखान्यात काम केले, हेही त्यात नमूद करून घ्यावे. नोकरी सोडून वर्षे उलटल्यावर असा दाखला मिळणे अवघड होते. म्हणून राजीनामा देतानाच तो मागून घ्यावा.

पदविका मिळाल्यावर नेमणूक शासन करीत नाही, कारखाना करतो. नेमणुकीनंतर अधिकाऱ्याची अर्हता व सेवाशर्ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळविण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर असते. आपल्या नावाने असे पत्र गेले आहे का, हे रुजू होताच विचारून त्याची पोच आपल्याकडे ठेवावी.