हिवाळी धुई, उसाच्या ट्रॉल्या आणि गाडीचा वेग

मराठवाड्यात रस्त्यावर बर्फ पडत नाही, त्यामुळे थंडी आणि अपघात यांचा संबंध आपल्याकडे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे ४ ते सकाळी ९ या वेळात शहागडच्या गोदावरी पुलाकडे उतरणारा रस्ता, जायकवाडीच्या कालव्यांलगतचा भाग किंवा मांजरा नदीचा काठ इथे समोरचे ५० मीटरही दिसू नये इतकी दाट धुई पडू शकते. नेमक्या त्याच वेळी, त्याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात.

धुई पडते ती जमीन थंड झाल्याने. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. आभाळ निरभ्र असले की रात्री जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते. जमिनीलगतची हवा गार पडते आणि जास्तीची वाफ बारीक थेंबांच्या रूपात तरंगू लागते. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: मोकळे आभाळ, जवळजवळ पडलेला वारा आणि ओल. ओल आपल्याकडे भरपूर. काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, आणि रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी चालू असते.

सगळ्यात कडाक्याची थंडी असेल त्याच दिवशी सगळ्यात दाट धुके असते, असे मात्र नाही. उत्तरेकडून आलेली थंडीची लाट बहुधा कोरडी असते. परभणीचा पारा खूप खाली गेलेला असतो आणि तरी रस्ता स्वच्छ दिसतो. जपायला हवे ते अवकाळी पाऊस पडून आभाळ मोकळे झाल्यावरच्या एक-दोन पहाटांना. पहाटे निघायचे असेल तर आदल्या रात्री मोबाइलवर दवबिंदू तापमान (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की वाफेचे थेंब होऊ लागतात ते) पाहावे. रात्री ९ वाजता हवेचे तापमान आणि दवबिंदू यांत ३-४ अंशांचाच फरक असेल, वारा नसेल, आभाळ निरभ्र असेल, तर प्रवास दोन-तीन तास पुढे ढकलावा. सूर्य उगवला की लगेच धुई विरते असेही नाही. पहिल्या उन्हाने हवा ढवळली जाते आणि काही वेळ ती उलट दाटही होते.

गार हवा जड असते, ती उतार धरून खोलगटात साचते. म्हणून सगळा रस्ता सारखा झाकलेला नसतो. माळावर चांदण्या दिसत असतात आणि ओढ्याच्या पुलाकडे उतरताच गाडी एकदम पांढऱ्यात शिरते. बहुतेक घात इथेच होतो, कारण वेग अजून माळावरचाच असतो. पूल, कालवा, तलावाची पाळ किंवा बागायती शिवार जवळ आले की धुके दिसण्याआधीच अॅक्सिलरेटरवरचा पाय काढायला हवा. पाचट पेटवलेले असेल तर आणखी जपावे. थंड हवेत धूर वर जात नाही आणि धुराच्या कणांवर असंख्य बारीक थेंब बनल्याने दिसणे फार कमी होते.

आता वेगाचा हिशोब. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत २ सेकंद धरू. दवाने ओलसर रस्त्यावर चांगल्या टायरची कार ताशी ४० किलोमीटर वेगात थांबायला सुमारे ३५ मीटर घेते, ६० च्या वेगात ६० मीटर, ८० च्या वेगात ९४ मीटर. समृद्धी महामार्गावरच्या १२० च्या वेगात हेच अंतर १८० मीटर होते. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागते. म्हणजे ५० मीटर दिसत असेल तर ४० हीच वरची मर्यादा. वेग अंदाजाने ठरवू नये, काट्याकडे पाहावे. अंतराचा अंदाजही चुकतो: धुक्यात पुसट झालेली गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते.

अप्पर दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून उजेड आपल्याच डोळ्यांकडे परततो. डिपरवरच चालवावे. धुक्याचे दिवे उपयोगी पडतात ते खाली बसवलेले आणि पसरट झोताचे असल्यामुळे. पिवळ्या रंगाने धुके भेदले जात नाही, थेंब सगळ्याच रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नयेत, वळताना मागच्याला काही कळत नाही.

काचेवर आतून वाफ धरते तीही मोठी अडचण. कारमधल्या साधारण ३ घनमीटर हवेत १० अंशांना २८ ग्रॅमच वाफ मावते. चार-पाच माणसे श्वासातून तासाभरात त्याहून कितीतरी जास्त वाफ सोडतात. फडक्याने पुसून ती परत धरतेच. हवा पुढच्या काचेवर वळवावी, बाहेरची हवा आत घ्यावी, एसी चालू ठेवून तापमान गरमकडे फिरवावे. एसी हवेतली ओल काढतो, गरम हवा काच सुकवते.

शेतवाट डांबरीला मिळते तिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळा चिखल दवाने भिजून तेलासारखा निसरडा होतो. तिथे दुचाकीचा ब्रेक वळणावर दाबू नये, आधीच वेग कमी करावा. १० अंशांत ५० च्या वेगाने जाताना उघड्या हाताला ५-६ अंशांची थंडी जाणवते, बोटे आखडतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. हातमोजे हवेतच. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना मोजावी. दुपारी ३० अंशांत ३२ दिसलेली हवा पहाटे १० अंशांना २९ वर आलेली असते.

सगळ्यात जास्त काळजी हवी ती ट्रॉलीच्या मागच्या बाजूची. ताशी १५ ने चाललेल्या ट्रॉलीमागे ६० ने येणारी कार मधले ५० मीटर ४ सेकंदांत संपवते. लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायलाच हवी, पण धुक्यात तेवढ्यावर भागत नाही. पट्टीपर्यंत जाणारा आणि परत येणारा असा दोनदा उजेड धुक्यातून जातो. १०० मीटर दिसते अशा धुक्यात ५० मीटरवरच्या दिव्याचा साधारण २२ टक्के उजेड आपल्यापर्यंत पोचतो, पट्टीवरून परतणारा फक्त ५ टक्के. म्हणून जळता लाल दिवाच हवा. ट्रॅक्टरकडून येणारी वायर हिसक्यांनी तुटते, त्यामुळे स्वतःची बॅटरी असलेला एलईडी बरा. तो ऊस भरून झाल्यावर बांधावा, नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकला जातो. उंची जमिनीपासून एक ते दीड मीटर, काच रोज ओल्या फडक्याने पुसलेली. बैलगाडीलाही मागे असाच दिवा हवा.

ट्रॉली रस्त्यात बंद पडलीच तर त्रिकोणी फलक धुक्यात १०० मीटर मागे ठेवावा आणि माणसांनी रस्त्याच्या कडेला, वाहनापासून लांब उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला आणि कुठेही ११२ ला फोन करता येतो. फलकाच्या जागी दगड मांडू नयेत, ते धुक्यात दिसत नाहीत आणि ट्रॉली गेल्यावरही तिथेच राहतात. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर दिवा मागच्या ट्रॉलीला बांधायचा. पुढच्या ट्रॉलीचा दिवा मागून येणाऱ्याला दिसत नाही.