सहउद्दीपन संकेत

टी पेशी (रोगप्रतिकार करणारी एक पांढरी पेशी) सक्रिय होण्यासाठी प्रतिजन-ग्राहीच्या, म्हणजे लक्ष्य पदार्थ (प्रतिजन) ओळखणाऱ्या रेणूच्या, संकेताबरोबरच लागणारा दुसरा संकेत. पहिल्या संकेतातून लढायचे कोणाशी हे कळते. लढायचे की नाही, हे दुसऱ्यावर ठरते.

डेंड्रायटिक पेशी (प्रतिजन टिपून टी पेशींना दाखवणारी पेशी) प्रतिजनाचा पेप्टाइड तुकडा एमएचसी या आपल्या पृष्ठभागावरील रेणूवर मांडते आणि टी पेशीचा ग्राही तो ओळखतो. त्याच संपर्कात टी पेशीवरील सीडी२८ हा रेणू समोरच्या सीडी८० किंवा सीडी८६ ला जोडला जावा लागतो. विश्रांत डेंड्रायटिक पेशीवर हे दोन्ही रेणू कमी असतात. टोल-सदृश ग्राहींनी जिवाणू-विषाणूंचे घटक टिपले की सीडी८० आणि सीडी८६ झपाट्याने वाढतात. लशीत शुद्ध प्रथिनासोबत सहायक द्रव्य (ॲडज्युव्हंट) घालण्याचे एक महत्त्वाचे कारण हेच.

सीडी२८ च्या आतल्या टोकाशी पीआय३-कायनेज हे विकर जोडले जाते. पुढे एकेटी आणि एनएफ-कप्पा-बी हे पेशीतले संकेत-मार्ग चालू होतात, इंटरल्यूकिन-२ (टी पेशींची वाढ घडवणारे प्रथिन) चा संदेशवाहक आरएनए अधिक काळ टिकतो आणि बीसीएल-एक्सएल या प्रथिनामुळे पेशी मरणापासून वाचते. कोणत्या प्रकारची टी पेशी घडणार, हे पुढे सायटोकाइनांवर (पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या प्रथिनांवर) ठरते.

दुसरा संकेत आलाच नाही, तर पेशी पूर्ववत होऊन थांबते असे नाही. कॅल्शियम वाढून जनुके चालू करणारा एनएफएटी केंद्रकात जातो, पण जोडीला तसाच दुसरा घटक एपी-१ पुरेसा नसतो. मग सीबीएल-बी, ग्रेल यांसारखी संकेत दाबणारी प्रथिने तयार होतात. अशी पेशी नंतर दोन्ही संकेत मिळाले तरी नीट प्रतिसाद देत नाही. ही ॲनर्जी. जेन्किन्स आणि श्वार्ट्झ यांनी १९८७ मध्ये प्रतिजन मांडणाऱ्या पेशींवर रासायनिक प्रक्रिया करून ती दाखवली. स्वतःच्या ऊतींविरुद्धच्या टी पेशी आवरण्यात तिचा मोठा वाटा आहे. बाहेरून इंटरल्यूकिन-२ दिल्यास ती बऱ्याचदा उलटवता येते.

सक्रिय झालेल्या टी पेशीवर सीटीएलए-४ हा ब्रेकसारखा रेणू येतो. तो सीडी८० आणि सीडी८६ ला सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्ट धरतो, शिवाय ते रेणू समोरच्या पेशीवरून ओढून आत घेतो. हा ब्रेक नसलेले उंदीर काही आठवड्यांत लसिका पेशींच्या बेसुमार वाढीने मरतात. कर्करोगावरील इपिलिमुमॅब हे औषध हा ब्रेक काढते. ॲबाटासेप्ट आणि बेलाटासेप्ट ही औषधे सीडी८०-८६ झाकून अनुक्रमे संधिवात आणि मूत्रपिंड-रोपणात उपयोगी पडतात.

प्रयोगशाळेत पहिल्या संकेतासाठी सीडी३-विरोधी (सीडी३ हा टी पेशीच्या ग्राहीचा जोडीदार रेणू) प्रतिपिंड प्लेटच्या तळाशी चिकटवतात, साधारण १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि सीडी२८-विरोधी प्रतिपिंड द्रावणात देतात. इंटरल्यूकिन-२ सुमारे २४ तासांनी आणि विभाजन ७२ ते ९६ तासांनी मोजतात. नेहमीची चूक म्हणजे टी पेशी पुरेशा शुद्ध नसणे: उरलेल्या मोनोसाइट किंवा बी पेशी स्वतःच सहउद्दीपन पुरवतात आणि केवळ सीडी३ दिलेला नियंत्रण-गटही जोमाने वाढलेला दिसतो. सीडी३ चा डोस फार जास्त असला तरी सीडी२८ चा परिणाम झाकला जातो.

सीडी२८ बाहेरून चेतवण्याचा धोका मार्च २००६ मध्ये लंडनला दिसला. टीजीएन१४१२ हा प्रतिपिंड पहिल्या संकेताशिवायही टी पेशी चेतवत असे. तो दिलेल्या सहाही निरोगी स्वयंसेवकांना सायटोकाइन-वादळ (सायटोकाइनांचा एकदम उसळलेला पूर) होऊन अतिदक्षता विभागात न्यावे लागले. माकडांवरील चाचणीत हे उमटले नव्हते, कारण चाचणीतल्या माकडांच्या सीडी४ परिणामक-स्मृती पेशींवर (पूर्वी भेटलेल्या प्रतिजनाला झटपट प्रतिसाद देणाऱ्या टी पेशींवर) सीडी२८ नसतो. माणसाच्या तशाच पेशींवर तो असतो.